अकरा महिने संपले, मॅडम

गेल्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला फोन वाजला. एवढ्या उशिरा जुन्या विद्यार्थ्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोनदा अपघाताची बातमी अशाच वेळी कळली आहे. पण पोरगा ठणठणीत होता, आवाज तेवढा पडलेला. "मॅडम, अकरा महिने संपले की ओ," एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. मग मीच विचारलं, जेवलास का.

हा माझ्याकडून २०२३ साली फिटर ट्रेडमधून पास झाला. दीड वर्ष इकडेतिकडे काम शोधलं. मग मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत त्याचा नंबर लागला, आमच्याच तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारनं ही योजना आणली तेव्हा मुदत ६ महिन्यांची होती, पुढं ती ११ महिन्यांची झाली. विद्यावेतन बारावी पास असेल तर ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर ८ हजार, पदवीधराला १० हजार. याला ८ हजार मिळायचे. त्या पैशांतून त्यानं बहिणीची नर्सिंगची फी भरली. म्हणून मी त्या पैशांना नावं ठेवणार नाही. ज्या घरात महिन्याला नक्की येणारा असा एक रुपयाही नसतो, तिथं ८ हजार काय असतात हे मला माहीत आहे.

पण मी त्याला विचारलं, "अकरा महिने काय काम केलंस?" तर म्हणाला, टपालाची आवक-जावक, झेरॉक्स, लोकांचे आधार नंबर कॉम्प्युटरमध्ये भरणं. "कानस हातात धरली नाही मॅडम. एकदा साहेबांच्या कपाटाचं बिजागर बसवून दिलं, तेवढंच."

दोन वर्षं मी या मुलाला कानस धरायला शिकवली होती. रात्री झोप लागली नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये हातकाम शिकवणारी, आहे. या कामात २६ वर्षं झाली. तरुणांच्या बेरोजगारीवर पेपरात, टीव्हीवर खूप बोललं जातं, पण आमच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून कुणी बोलत नाही. म्हणून आज लिहायला बसले.

आमच्याकडे पोरगा पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा त्याच्या हातात लोखंडाचा एक चौकोनी तुकडा देतो. तो घासून सपाट करायचा. ऐकायला सोपं वाटतं. कानस पुढं नेताना दाब द्यायचा, मागं आणताना मोकळी सोडायची. पोरं नेमकं उलटं करतात, नाहीतर पुढं नेताना झोका देतात, आणि तुकडा मधे फुगीर आणि कडेला उतरता होतो. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत व्हाइसमध्ये, म्हणजे तो घट्ट धरणाऱ्या शिकंजात. असं पंधरा-पंधरा दिवस चालतं, तळहाताला फोड येतात. व्हाइस कोपराच्या उंचीला पाहिजे, नाहीतर कितीही घासलं तरी सपाटी येत नाही. बुटक्या मुलांच्या पायाखाली मी लाकडी फळी ठेवते. फोन केलेला हा मुलगा त्या फळीवरच उभा राहून शिकला. मी पाठमोरी असले तरी कानशीचा आवाज बदलला की कुठल्या व्हाइसवर चुकतंय ते मला कळतं. तिथं जाऊन त्या पोराचं कोपर धरायचं आणि दोनदा त्याच्याबरोबर हात चालवायचा. तिसऱ्यांदा त्याला आपोआप जमतं.

हे व्हिडिओ बघून येत नाही. बॅचमध्ये २० मुलं आणि मी एक, तरी कसंबसं जमवते. पण ज्या आयटीआयमध्ये निदेशकाची जागा रिकामी आहे किंवा तासिका तत्त्वावर माणूस येतो-जातो, तिथल्या पोरांचं कोपर कोण धरणार? आमचं सगळं धोरण या एका प्रश्नापाशी अडतं असं मला वाटतं. किती मुलांची नोंदणी झाली, किती जणांना प्रमाणपत्र दिलं, किती कोटी वाटले, सगळं मोजलं जातं. शिकवणारा माणूस कुठल्याच रकान्यात नसतो.

मला तो माणूस मिळाला, म्हणून आज मी इथं आहे. १९९६ साली मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत अॅप्रेंटिस होते. आमच्या आयटीआयच्या तुकडीत आम्ही दोघीच मुली होतो. कार्यशाळेतल्या मिस्त्रींना सगळे तात्या म्हणायचे. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला लावले. मला राग यायचा, घरी जाऊन आईपाशी रडायचे, की मुलगी म्हणून मला भांडी घासायला बसवलंय. सोळाव्या दिवशी तात्यांनी माझ्यापुढं दोन बेअरिंग ठेवले आणि विचारलं, "पोरी, यातलं गेलेलं कुठलं?" मी हातात फिरवून बघितलं आणि बरोबर सांगितलं. पंधरा दिवस तीच तर हाताळली होती. नवं बेअरिंग हाताला कसं लागतं आणि झिजलेलं कसं खरखरतं हे बोटांना कळलं होतं. तात्या काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला ब्रेकच्या कामाला घेतलं.

तात्यांना मला शिकवण्याचे जादा पैसे मिळत नव्हते. चांगला माणूस होता म्हणून शिकवलं. कायद्यानं तेवढ्यावर भरवसा ठेवायचा का, असा माझा सवाल आहे.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. आता नियम असा आहे की ज्या कारखान्यात ३० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, त्यानं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके अॅप्रेंटिस घेतलेच पाहिजेत. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास झालेल्याला किमान विद्यावेतन ७ हजार ठरलं. त्यातला काही वाटा केंद्र सरकार उचलतं, २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. कागदावर हा सगळा हिशेब चांगला आहे. पण कारखान्यानं अॅप्रेंटिस घेतलेच नाहीत तर? २०१४ च्या दुरुस्तीत तुरुंगाची शिक्षा काढून टाकली आणि दंड ठेवला. रिकाम्या ठेवलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, त्यानंतर दरमहा १ हजार.

तुम्हीच हिशेब करा. एक पोरगा घ्यायचा तर सरकारचा वाटा वजा जाता कारखान्याला महिना साडेपाच हजार पडतात, वर त्याला शिकवायला माणूस अडकवावा लागतो. नाही घेतला तर दंड हजार रुपये. एखादा चांगल्या मनाचा मालक पोरं घेतो, बाकीचे दंडाची जोखीम पत्करतात. मालकांना तुरुंगात टाका असं माझं म्हणणं नाही. पण दंड निदान त्या पोराच्या विद्यावेतनाएवढा तरी असावा, आणि तो सरकारी तिजोरीत न जाता ज्या वर्कशॉपमध्ये खरंच पोरं शिकतायत तिकडे वळवावा.

दुसरा प्रकार याहून जास्त मनाला लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याला पुण्याकडच्या एका कारखान्यात 'नीम' ट्रेनी म्हणून घेतलं. नीम ही एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची योजना होती, २०१३ साली सुरू झाली, पुढं बंद करण्यात आली. शिकता शिकता काम, अशी तिची कल्पना. हा पोरगा दोन वर्षं असेंब्ली लाइनवर उभा राहिला. त्याच्या पुढ्यात येणाऱ्या भागाचे चार बोल्ट आवळायचे, तो पुढं सरकवायचा, पुढच्याचे चार बोल्ट आवळायचे. दिवाळीला घरी आला तेव्हा आईला घेऊन मला भेटायला आला. ती माऊली मला म्हणाली, "बाई, दोन वर्सं झाली. पोरगं कामाला लागलंय म्हनू का शिकाया गेलंय म्हनू? पावन्यांना काय सांगू?" मला उत्तर देता आलं नाही. कामगार म्हणावं तर कामगाराचे हक्क नव्हते, आणि शिकणारा म्हणावं तर चार बोल्टांपलीकडे काही शिकला नव्हता. मुदत संपल्यावर त्याच्या जागी दुसरा ट्रेनी आला. हा घरी आला आणि बापाच्या डाळिंबाच्या बागेत फवारणीला लागला.

सरकारी पाहणीत हा पोरगा बेरोजगार धरला जात नाही, कारण घरच्या शेतात मदत करणाराही रोजगारातच मोजतात. जुलै २०२३ ते जून २०२४ च्या पाहणीत देशात १५ ते २९ वयाच्या तरुणांतली बेरोजगारी १०.२ टक्के निघाली, सगळ्या वयाची मिळून ३.२ टक्के. म्हणजे तरुणांची तिपटीहून जास्त, तीही डाळिंबाच्या बागेतला हा पोरगा वगळून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भारतावरचा अहवाल २०२४ साली आला. त्यात २०२२ चा आकडा आहे: पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ३.४ टक्के. हे वाचून कुणी म्हणतं, शिक्षणानं पोरं बिघडली, कष्ट नकोत त्यांना. मला या बोलण्याचा फार राग येतो. न शिकलेल्याला बेकार बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो आणि रोजगारात मोजला जातो. शिकलेल्याच्या मागं आईबापानं विकलेलं अर्धा एकर रान असतं. तो पाच हजारांवर हमालीला लागला तर ते रान वाया गेलं असं घरी सगळ्यांना वाटतं. म्हणून तो थांबतो.

आणि थांबून काय करतो, तर भरतीची तयारी. आमच्या गावच्या मैदानावर पहाटे पाचला या, सव्वाशे-दीडशे पोरं-पोरी दिसतील. पोरं १६०० मीटर धावतात, पोरी ८००, मग गोळाफेक. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांहून जास्त. शंभरात एक. उरलेल्या ९९ जणांनी घाम गाळला नाही असं कुणी म्हणू शकेल का? त्यात माझे फिटर आहेत, वेल्डर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. विशी ते पंचविशी ही वर्षं हात घडण्याची असतात, ती मैदानावर जातात. मी कुणालाच अडवत नाही. अडवून त्याला दाखवायला माझ्याकडे दुसरी वाट असायला पाहिजे ना.

मुलींचं आणखी वेगळं आहे. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतर माझ्या संस्थेत आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुली वाढल्या, हे मी हजेरीपटावर बघितलं आहे. मुलींच्या प्रशिक्षणासाठी मी आजवर किती मेळावे, किती फलक, किती भाषणं बघितली, पण त्या अर्ध्या तिकिटानं जे झालं ते त्यातल्या कशानंही झालं नव्हतं. त्याच वर्षी आणखी एक झालं. आयटीआयच्या मुलांना महिन्याला ४० रुपये विद्यावेतन मिळायचं, चाळीस वर्षं तेवढंच होतं, ते ५०० केलं. ४० रुपयांत एका दिवसाचं जाणं-येणं व्हायचं नाही. एखादी मुलगी शिकायची थांबते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या रकमेपाशी थांबते. मात्र आयटीआय संपल्यावर तीच मुलगी चाकण-रांजणगावला जात नाही, कारण तिथं राहायचं कुठं? एका खोलीत सहा जणी, रात्रपाळीवरून येताना अंधारा रस्ता. वडील म्हणतात, राहू दे. कारखान्याजवळ सरकारी वसतिगृह असतं तर माझ्या किमान सात-आठ मुली आज नोकरीत असत्या. त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत.

माझ्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. माझा थोरला भाऊ तेव्हा तान्हा होता, त्याला बाभळीच्या झोळीत टाकून ती रस्त्याच्या कामावर जायची. सुकडी मिळायची त्याची चव ती अजून सांगते. वि. स. पागे यांच्या डोक्यातून रोजगार हमी आली, १९७७ साली आपल्या विधिमंडळानं तिचा कायदा केला, आणि २००५ साली त्याच वाटेनं देशाचा कायदा झाला. त्या कायद्यात जे होतं ते मला मोठं वाटतं. माणसानं काम मागायचं, १५ दिवसांत सरकारनं द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. मागणाऱ्याच्या हातात हक्क होता. आणि त्याचा पैसा उभा करायला १९७५ साली पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारपत्रकात आजही दर महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. कित्येक सहकाऱ्यांना हा कर कशाचा ते ठाऊक नाही. मी सांगते, की हा खडी फोडणाऱ्या बायांचा पैसा आहे, आणि कापलेला मला कधी जड वाटला नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे, की जशी कामाची हमी दिली तशी शिकण्याची हमी द्या. आयटीआय पास होणाऱ्या प्रत्येक पोरापोरीला एक वर्ष, एका नाव लिहिलेल्या मिस्त्रीच्या हाताखाली, एसटीनं जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर. मिस्त्रीला शिकवण्याचा भत्ता. वर्षाच्या शेवटी पोराला काय करता येतं हे बाहेरच्या माणसानं त्याच्याकडून करून घेऊन बघायचं. पैसा कुठून, असं विचाराल तर व्यवसाय करावर राज्यघटनेनं वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, ती १९८८ पासून तशीच आहे. तेव्हाचे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार सारखे आहेत का? ती मर्यादा वाढवा. माझ्या पगारातून दुप्पट कापा, मी आनंदानं देईन.

केंद्रानं २०२५ च्या ऑगस्टपासून पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्यांसाठी १५ हजारांपर्यंतची योजना सुरू केली. तिच्यात पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर आणि दुसरा बारा महिन्यांनी मिळतो. टिकण्याला पैसे जोडले, ही गोष्ट मला पटली.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी आमच्या एमआयडीसीत गेले. साखर कारखान्यांचे सुटे भाग करणारं एक छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक शेपर, सहा माणसं. मालक ओळखीचे. म्हणाले, "मॅडम, पोरगं पाठवा, मला माणूस पाहिजेच. पण त्याला शिकवत बसलो तर माझी लेथ थांबते. ऊस गाळपाच्या तोंडावर एक दिवस थांबणं परवडत नाही मला." खोटं बोलत नव्हते. कायदा ३० माणसांच्या वरच्यांना सक्ती करतो, आणि सहा माणसांच्या या मालकाला म्हणतो की तुझी मर्जी. आपल्या तालुक्यांत तर असलीच वर्कशॉप जास्त आहेत. त्यांच्याकडे काम आहे, पोरांची गरज आहे, नाही तो फक्त शिकवायला लागणारा वेळ. तोच वेळ सरकारनं विकत घेऊन द्यायला हवा.

तोवर मी एवढंच केलं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, आमच्या गल्लीत राहतात, पासष्टीचे आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसले. आठवड्यातून तीन दिवस दुपारी दोन तास त्या वर्कशॉपवर पोराला शिकवायला येतो म्हणाले, घरी बसून गुडघे आखडतात. मी चहापाण्याचे म्हणून काही देऊ केलं तर रागावले. अॅप्रेंटिसशिपच्या पोर्टलवरची मालकांची नोंदणी रविवारी मी आणि माझ्या मुलीनं मिळून केली, साडेतीन तास लागले.

सोमवारी पोरगा कामावर गेला. संध्याकाळी त्याचा फोटो आला. शाफ्टची चावी, म्हणजे शाफ्टवर चाक घट्ट बसवणारी लोखंडी पट्टी, घासायला दिली होती, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरलेली. उजव्या टोकाला रेघ स्पष्ट दिसत होती. मी फोन करून विचारलं, तिथला व्हाइस तुझ्या कोपराला लागतो का? म्हणाला, नाही मॅडम, उंच आहे. म्हटलं, मालकांना विचार आणि पायाखाली फळी घे.